रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' आलं म्हणजे नक्की काय? स्तनाच्या कॅन्सरमधली पाच वर्षांची गोळी आणि बीडच्या बायकांनी विचारायलाच हवा असा एक प्रश्न

समजा, परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यातली एक बाई आहे. वय ४२. लग्न झालं तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे नवऱ्यासोबत कोयता घेऊन कारखान्यावर जाते. तिसाव्या वर्षी पोटात दुखायचं, अंगावरून जायचं, म्हणून एका दवाखान्यात पिशवी काढली. यंदा अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून तीन महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी तपासणी झाली, जाड सुईनं गाठीचा तुकडा काढला, आणि आता पुतण्याच्या मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ आली आहे.

पुतण्या वाचतो. ईआर पॉझिटिव्ह, ८ पैकी ८. पीआर पॉझिटिव्ह, ८ पैकी ६. हर-टू निगेटिव्ह. ग्रेड २.

घरात सगळ्यांना कळतो तो एकच शब्द, 'पॉझिटिव्ह'. कोरोनापासून या शब्दाची धास्तीच बसली आहे. मग पहिला प्रश्न येतो: "किती दिवस आहेत?"

ही बाई आम्ही कल्पनेतली घेतली आहे. पण तिचा रिपोर्ट, तिची काढलेली पिशवी आणि घरच्यांचा प्रश्न, हे तिन्ही बीड जिल्ह्यात खरे आहेत. सोयीसाठी आपण तिला 'मावशी' म्हणू आणि तिचा रिपोर्ट तिच्या घरच्यांना समजेल असा वाचून बघू.

ईआर आणि पीआर म्हणजे काय?

बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन नावाची दोन हार्मोन्स असतात. पाळी येणं, दिवस राहणं, स्तनांची वाढ होणं हे सगळं त्यांच्या हुकमावर चालतं. हा हुकूम ऐकायला पेशींना 'कान' असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा.

स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हे कान शाबूत राहतात. म्हणजे कॅन्सरची पेशी वाढण्यासाठी शरीरातल्याच इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. अशा कॅन्सरला हार्मोन-रिसेप्टर-पॉझिटिव्ह म्हणतात. ज्यात हे कान नसतात तो निगेटिव्ह.

तर इथं 'पॉझिटिव्ह' ही वाईट बातमी नाही. कॅन्सर आहे हे तर आधीच कळलेलं असतं. त्या कॅन्सरचा दाणापाणी कुठून येतो हे पॉझिटिव्ह शब्द सांगतो, आणि दाणापाणी कुठून येतो हे कळलं की तो तोडताही येतो.

रिपोर्टमधले आकडे असे वाचायचे. शंभर पेशींपैकी किती पेशींवर रिसेप्टर दिसला ते टक्क्यात लिहितात. १ टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात, पण १ ते १० टक्क्यांमध्ये असेल तर तो 'कमी पॉझिटिव्ह', आणि तिथं गोळीचा उपयोग किती होईल याबद्दल डॉक्टर जपून बोलतात. काही लॅब टक्क्यांऐवजी ८ पैकी गुण देतात. किती पेशी रंगल्या आणि किती गडद रंगल्या याची ती बेरीज असते. मावशीला ८ पैकी ८ आहेत. म्हणजे तिचा कॅन्सर इस्ट्रोजेनवर विसंबून असण्याची शक्यता मोठी आहे.

हर-टू हे तिसरं नाव. हेही पेशीवरचं एक प्रथिन. ० किंवा १ प्लस असेल तर निगेटिव्ह, ३ प्लस असेल तर पॉझिटिव्ह, आणि २ प्लस असेल तर 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करून ठरवावं लागतं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी वेगळी औषधं लागतात. तिन्ही निगेटिव्ह असतील तर तो ट्रिपल निगेटिव्ह. त्यात हार्मोनची गोळी काहीच कामाची नसते.

ग्रेड १ ते ३ असते. पेशी किती रागीट आहेत ते ती सांगते. इथं एक घोटाळा नेहमी होतो: ग्रेड ३ वाचून लोक 'थर्ड स्टेज' समजतात. ग्रेड वेगळी, स्टेज वेगळी. स्टेज म्हणजे गाठ केवढी आहे, काखेतल्या गाठींपर्यंत पोचली का, आणि शरीरात दुसरीकडे गेली का.

हे हार्मोनचं कोडं सुटलं कसं?

१८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी एक धाडसी निरीक्षण छापलं. स्तनाचा कॅन्सर खूप वाढलेल्या बाईची अंडाशयं काढली, तर काही वेळा गाठ आक्रसते. तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कुणाला माहीत नव्हतं.

पुढं १९६२ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक रसायन बनवलं. कंपनी शोधत होती गर्भनिरोधक. त्या कामात ते नापास झालं. पण ते इस्ट्रोजेनच्या कानात बोळा घालतं हे लक्षात आलं, आणि १९७० च्या दशकात तेच औषध स्तनाच्या कॅन्सरवर वापरायला सुरुवात झाली. त्याचं नाव टॅमॉक्सिफेन. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि कॅन्सरच्या औषधांमध्ये अगदी स्वस्त गोळ्यांपैकी एक आहे.

स्वस्त आहे म्हणून घरचे तिला हलक्यात घेतात. इथंच चूक होते, पण ते पुढं बघू.

"किती दिवस आहेत?" या प्रश्नाचं उत्तर

कोणताही प्रामाणिक डॉक्टर एका बाईसाठी तारीख सांगू शकत नाही. तो सांगू शकतो ते एवढंच, की अशाच शंभर बायकांचं काय झालं.

भारतातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांची आकडेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ६६.४ टक्के निघालं. पण हा एकच आकडा धरून बसू नका, तो फोडून बघा:

• कॅन्सर स्तनापुरताच असताना सापडला: ८१ टक्के
• काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आसपास पोचल्यावर सापडला: ६५.५ टक्के
• हाडं, फुफ्फुस, यकृत असा दूर गेल्यावर सापडला: १८.३ टक्के

म्हणजे आजार तोच, पण बाई दवाखान्यात कधी पोचली त्यावर ८१ आणि १८ एवढं अंतर पडतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, 'पाच वर्षं जगण्याचं प्रमाण' म्हणजे पाच वर्षांनी मरण असा अर्थ नाही. पाच वर्षं ही मोजायची पट्टी आहे. दोन, हे आकडे सगळ्या प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरचे मिळून आहेत. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकाराची पहिली काही वर्षं सहसा इतर प्रकारांपेक्षा बरी जातात.

पण या प्रकाराची एक वेगळी खोड आहे. तो हळू चालतो आणि खूप दिवस लक्षात ठेवतो. ट्रिपल निगेटिव्ह परतणार असेल तर बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच परततो. हार्मोन पॉझिटिव्ह मात्र दहा, पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो.

२०१७ मध्ये ६२,९२३ बायकांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. या सगळ्यांनी पाच वर्षं हार्मोनचे उपचार घेतले होते, आणि पाच वर्षांनी त्यांना आजार नव्हता. तिथून पुढच्या १५ वर्षांत कॅन्सर दूरच्या अवयवात परतण्याचं प्रमाण असं दिसलं. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि काख स्वच्छ, तर १३ टक्के. तेवढीच गाठ, पण काखेतल्या १ ते ३ गाठींत कॅन्सर, तर २० टक्के. ४ ते ९ गाठींत असेल तर ३४ टक्के. गाठ २ ते ५ सेंटिमीटर असेल तर हेच आकडे १९, २६ आणि ४१.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. १३ टक्के म्हणजे शंभरातल्या ८७ जणींना दूर कुठंही तो परत आला नाही. शिवाय यातल्या बऱ्याच बायकांवर जुन्या काळातले उपचार झाले होते. पण यातून एक गोष्ट पक्की कळते: हा आजार ऑपरेशनच्या टाक्यांबरोबर संपत नाही. म्हणून याचा उपचारही लांब पल्ल्याचा असतो.

मग उपचार काय काय?

ऑपरेशन: पूर्ण स्तन काढावाच लागतो असं नाही. गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून पुढं रेडिएशन देतात, आणि जगण्याच्या दृष्टीनं दोन्ही मार्ग सारखेच ठरले आहेत. काखेतल्या गाठीही तपासतात.

केमो: प्रत्येकीला लागतेच असं नाही. वय, गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड आणि पेशी किती वेगानं वाढतात हे सांगणारा केआय-६७ हा आकडा, यावर ठरतं. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ असलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना केमोचा जास्तीचा फायदा होत नाही, हे २०१८ मध्ये १०,२७३ बायकांच्या 'टेलरएक्स' अभ्यासात दिसलं. ते ठरवायला गाठीच्या जनुकांची ऑन्कोटाइप नावाची अमेरिकन तपासणी आहे. बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही भारतीय तपासणीही आहे. दोन्हींना बरेच पैसे लागतात. त्या केल्या नाहीत तरी अनुभवी डॉक्टर बाकीच्या रिपोर्टवरून निर्णय घेतात.

रेडिएशन: स्तन राखला असेल तर, किंवा काखेत आजार असेल तर.

हार्मोनची गोळी: हा या प्रकाराचा मुख्य आधार. सगळं झाल्यावर घरी सुरू होते. रोज एक, किमान पाच वर्षं. धोका जास्त असेल तर सात किंवा दहा वर्षंही.

या गोळीची ताकद किती? २० चाचण्यांमधल्या २१ हजारांहून अधिक बायकांची माहिती २०११ मध्ये एकत्र केली गेली. ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यानं पहिल्या पाच वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गोळी बंद केल्यावरही पुढची पाच वर्षं ते साधारण एक तृतीयांशानं कमी राहिलं. आणि पंधरा वर्षांच्या हिशोबात स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले.

ऑपरेशनला सगळं गाव भेटायला येतं. केमोत केस गेले की सगळ्यांना दिसतं. गोळी मात्र कुणाला दिसत नाही, तरी तिचं काम एवढं मोठं आहे.

कोणती गोळी? इथं बीडचा प्रश्न येतो

हार्मोनच्या गोळ्या मुख्यतः दोन जातींच्या. त्यातला फरक समजला तर मावशीच्या आयुष्यातली एक मोठी चूक टळू शकते.

टॅमॉक्सिफेन रिसेप्टरच्या कानात बोळा घालतं. इस्ट्रोजेन अंगात असलं तरी पेशीला ऐकू जात नाही. त्यामुळं पाळी चालू असो की गेलेली असो, दोन्हींत ते चालतं.

दुसऱ्या जातीत लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन. या गोळ्या इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत. पण यात एक मेख आहे. पाळी गेल्यावर अंडाशयं थंडावतात, आणि जे थोडं इस्ट्रोजेन बनतं ते चरबीत आणि इतर ठिकाणी बनतं. ते या गोळ्या बंद करू शकतात. अंडाशयं चालू असतील तर मात्र त्यांच्यापुढं या गोळ्या एकट्या टिकत नाहीत. उलट मेंदूकडून अंडाशयांना आणखी जोर लावायचा निरोप जातो. मूल होत नसलेल्या बायकांना बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोल देतात ते याच कारणानं.

म्हणून डॉक्टर विचारतात, "पाळी येते का?"

मावशी सांगते, "नाही. बारा वर्षं झाली."

कागदावर लिहिलं जातं: पाळी गेलेली. गोळी लिहून दिली जाते: लेट्रोझोल. आणि इथं चूक होऊ शकते.

कारण मावशीची पाळी गेली नाही, पिशवी गेली आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय. रक्तस्राव तिथून होतो, म्हणून पिशवी काढली की पाळी दिसणं थांबतं. इस्ट्रोजेन मात्र अंडाशयात बनतं. ऑपरेशनमध्ये अंडाशयं ठेवली असतील, तर ४२ व्या वर्षी ती चालूच असण्याची शक्यता मोठी आहे. मग पाच वर्षं रोज नेमानं गोळी घेऊनही ती काम करणार नाही.

हा प्रश्न बीडमध्ये किती बायकांचा असू शकतो? २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर खळबळ उडाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. यातल्या अनेकींचं ऑपरेशन ऐन तिशीत झालेलं. आणि अंडाशयं काढली की ठेवली, हे सांगणारा कागद कितीतरी घरांत सापडत नाही.

म्हणून आपल्या भागातल्या बाईनं डॉक्टरांना 'पाळी गेली' एवढंच सांगून थांबू नये. पूर्ण वाक्य असं सांगावं: "माझी पिशवी अमुक वर्षी काढली. अंडाशयं काढली की नाही, मला माहीत नाही."

पुढचं काम डॉक्टरांचं. रक्तात एफएसएच आणि इस्ट्राडायॉल या हार्मोन्सची तपासणी होते, सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का बघतात. केमोमुळं अंडाशयं काही काळ झोपतात आणि नंतर जागीही होतात, म्हणून ही तपासणी एकदा करून भागत नाही, पुन्हा करावी लागू शकते.

अंडाशयं चालू निघाली तर दोन रस्ते. एक, टॅमॉक्सिफेन. दोन, धोका जास्त असेल तर अंडाशयं बंद करून मग लेट्रोझोलच्या जातीची गोळी. अंडाशयं बंद करायला गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं महिन्या-तीन महिन्यांनी घेता येतात, किंवा दुर्बिणीतून छोट्या ऑपरेशननं अंडाशयं काढता येतात. दर महिन्याला शहर गाठणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ऑपरेशनचा पर्याय सोयीचा पडतो. पण ते कायमचं असतं, म्हणून नीट विचारून ठरवावं. बीटसन यांनी केलं ते हेच, फरक एवढाच की आज ते का करायचं हे माहीत आहे.

गोळी मध्येच का सुटते?

कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ बायकांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला. साडेचार वर्षांच्या अखेरीस ठरल्याप्रमाणे गोळी पूर्ण घेतलेल्या बायका जेमतेम निम्म्या, ४९ टक्के. तिथं दवाखाना जवळ आणि औषध हातात असून ही गत. पुढं असंही दिसलं की ज्यांनी गोळी लवकर सोडली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

आपल्याकडची कारणं ओळखीची आहेत. "आता बरं वाटतंय, कशाला खायची?" "गोळी गरम पडते." "कारखान्यावर मेडिकल नाही." "पोराच्या फीचे दिवस आहेत, या महिन्यात राहू दे."

त्रास होतो हे खरं आहे. तो सोसत बसू नका, आणि गोळीही परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, कारण बहुतेक त्रासांवर उपाय आहेत.

• टॅमॉक्सिफेन: अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखं होणं, घाम, पांढरं जाणं. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, म्हणून एकच पाय सुजून दुखायला लागला किंवा अचानक दम लागला तर लगेच दवाखाना. पिशवी असलेल्या बाईला, विशेषतः पन्नाशीनंतर, गर्भाशयाच्या कॅन्सरचा थोडा धोका असतो, म्हणून पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तपासून घ्यायचं. दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, म्हणून गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नयेत. मूल हवं असेल तर गोळी कधी थांबवता येईल हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.
• लेट्रोझोलची जात: सांधे आखडणं, हाडं ठिसूळ होणं. रोज चालणं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, हाडांची डेक्सा तपासणी. सांधे फारच दुखले तर त्याच जातीतली दुसरी गोळी देऊन बघता येते.
• दुसरी औषधं: नैराश्यावर देतात त्या पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम मंदावू शकतात. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडं गेलात तरी 'मी टॅमॉक्सिफेन घेते' हे आधी सांगा.

एक दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. नेहमीप्रमाणे एकच घ्या आणि पुढं चालू ठेवा.

आजार दूर पसरलेला असेल तर?

चौथ्या स्टेजला हा कॅन्सर सहसा पूर्ण बरा होत नाही, हे घरच्यांना खरं सांगितलेलंच बरं. पण 'आता घरी न्या' असंही नसतं. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात चौथ्या स्टेजलाही बहुतेक वेळा सुरुवात केमोनं नाही, गोळ्यांनी होते. हार्मोनच्या गोळीबरोबर पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अॅबेमासिक्लिब यांपैकी एक देतात. एका मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोलसोबत रायबोसिक्लिब दिलं, तेव्हा निम्म्या बायका ६३.९ महिन्यांहून अधिक जगल्या. नुसत्या लेट्रोझोलवर हा आकडा ५१.४ महिने होता. पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. त्यामुळं 'परवडणार नाही' असं आधीच ठरवू नका, आजचा भाव विचारा.

गावात ऐकू येणाऱ्या तीन गोष्टी

"सुई लावली की कॅन्सर पसरतो." नाही. तुकडा तपासल्याशिवाय ईआर-पीआर कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय योग्य उपचार ठरत नाही.

"दुखत नाही म्हणजे साधी गाठ." उलट आहे. सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही.

"गोळी आहे ना, मग ऑपरेशन कशाला?" आजार स्तनापुरता आणि काखेपुरता असेल, तर बरं होण्यासाठी ऑपरेशन लागतंच. गोळी त्याच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

सिरसाळ्यातून जायचं कुठं?

गाठ लागली की पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सरच्या पूर्ण उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलही आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. आणि मुंबईत परळचं टाटा मेमोरियल. परळी वैजनाथला रेल्वे आहे. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वे तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यालाच भेटा, आणि हार्मोनच्या गोळ्या योजनेतून मिळतील का हेही विचारा. मिळाल्या नाहीत तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

मूळ रिपोर्ट, गाठीच्या तुकड्याचा मेणातला ठोकळा आणि काचपट्ट्या जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासता येतात. मोबाईलवरच्या पीडीएफवरून ते काम होत नाही.

डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

१. ईआर, पीआर, हर-टू काय आहे? हर-टू २ प्लस असेल तर फिश केली का?
२. गाठ किती सेंटिमीटरची, आणि काखेतल्या किती गाठींत आजार आहे?
३. मला केमोचा फायदा किती? नाही घेतली तर?
४. पिशवी काढलेली आहे. माझी अंडाशयं चालू आहेत का, हे तपासलं का?
५. कोणती गोळी, किती वर्षं, आणि महिन्याचा खर्च किती?
६. मी सहा महिने ऊसतोडीला बाहेर असते. गोळ्या आणि तपासणीचं कसं करायचं?

सहावा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर साधं असू शकतं: निघण्याआधी तपासणी, सोबत पूर्ण हंगामाच्या गोळ्या, चिठ्ठीची एक प्रत, आणि परत आल्यावर पुन्हा तपासणी. पण डॉक्टरांना तुम्ही बाहेरगावी जाता हे माहीतच नसेल, तर ते महिन्याचीच चिठ्ठी लिहिणार.

ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी

टाटा मेमोरियलनं मुंबईतल्या दीड लाखांहून अधिक महिलांसोबत वीस वर्षं एक चाचणी केली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनांची तपासणी करायच्या. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये निकाल आला. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आशाताई किंवा सिस्टरताई तपासणीसाठी बोलावत असतील तर जायला हवं.

आणि मावशीचं? तिच्या घरच्यांनी विचारलं होतं, किती दिवस. गाठ लहान असेल, काख स्वच्छ असेल, योग्य गोळी निवडली गेली आणि ती पाच वर्षं सुटली नाही, तर हिशोब दिवसांचा राहत नाही, वर्षांचा होतो. पुढच्या दिवाळीनंतर तिला काम जमेल की नाही हे तिचे डॉक्टर आणि ती ठरवतील. पण ट्रॅक्टरमध्ये सामान चढवायची वेळ आलीच, तर कोयत्याआधी गोळ्यांचा डबा चढला पाहिजे.